ढेकरांचा धनी

"ढेकर कावून मोजायलीस माय? मेंढरं मोज की. चार खंड्या अन् वर पाच हायेत. इसाची एक खंडी, म्हंजी झाली पंच्याऐंशी. लिव्ह अन् मोकळी व्हय."

"मेंढ्या मोजून झाल्यात, काका. मला त्यांचे ढेकर हवेत."

"काय करायचेत?"

"फॉर्ममध्ये भरायचेत."

हरिबानं काठी या बगलेतून त्या बगलेत घेतली आणि पोरीकडं नीट बघितलं. पोर चांगली घरची दिसत होती. डोक्यावर टोपी, गळ्यात फोटोचा पट्टा, पायात बूट, हातात पाटीएवढा मोबाईल. उन्हानं डोकं फिरलंय म्हणावं तर सकाळचे नऊच वाजलेले. साठ वर्षांच्या जन्मात हरिबाकडं लोकांनी लोकर मागितली, खत मागितलं, नवसाला एडका मागितला, एकदा एका शाळेनं गॅदरिंगच्या नाटकासाठी कोकरू मागून नेलं आणि नाटक पडलं तरी कोकरानं बक्षीस मिळवलं. पण ढेकर मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

पोरीचं नाव रोहिणी. पुण्याहून आली होती. आणि ती उभी होती ती जागा म्हणजे उमापूरच्या शिवारातला तो मोठा माळ, ज्याच्यावर विजयसिंह मालकांच्या कंपनीनं उन्हावर वीज करायचा कारखाना टाकलेला. कारखाना म्हणायचं, पण ना भट्टी ना भोंगा. अडीचशे एकराला तारेचं कुंपण, एक फाटक, फाटकावर लखन नावाचा पहारेकरी, आणि आत निळ्या काचांच्या पाट्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं एकीकडं. गावजेवणाच्या पंगतीला माणसं बसावीत आणि वाढपी यायचाच राहावा, अशा त्या दिवसभर आभाळाकडं बघत बसायच्या.

आता या पाट्यांवर धूळ बसली की वीज घटते. म्हणून त्या आठ दिवसाला पाण्यानं धुवाव्या लागतात. पाणी निथळून खाली पडतं आणि जिथं कधी कुसळ उगवलं नाही तिथं चैत्रातसुद्धा कंबरेएवढं गवत उठतं. गवत काचेच्या वर गेलं की पुन्हा वीज घटते. पहिल्या वर्षी मालकांनी गवत कापायला पेट्रोलची यंत्रं आणली. यंत्रानं गवत कापलं, आणि त्याच्या पात्यानं उडवलेल्या खड्यांनी चौदा काचाही फोडल्या. मग कुणाला तरी हरिबा आठवला. मेंढरू गवत खातं, खडे उडवत नाही. शेळ्या मात्र आणायच्या नाहीत, ही अट. शेळीला वर चढायला निमित्त लागत नाही, हे हरिबालाही कबूल होतं.

दोन वर्षं झाली, हरिबाची मेंढरं रोज सकाळी या फाटकातून आत जात होती. त्याच्या आधीची तीन वर्षं मात्र बेकार गेली होती. माळाला कुंपण पडलं आणि गावात चारायला जागाच उरली नाही. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि पार पुण्याच्या पलीकडं चालत जायचं. शेवटच्या वर्षी हरिबाचा उजवा गुडघा बोलायला लागला, आणि त्याच्याही आधी रतनबाई बोलायला लागली. ती हरिबाची बायको. गावात परत आल्या दिवशी तिनं घोडं विकून टाकलं आणि सांगितलं, "आता जायचं आसंल तर बिऱ्हाड तुमच्याच पाठीवर लादीन. वरून मी बसंन."

तेव्हा हे फाटक म्हणजे हरिबाची वर्षाची बेगमी. ते बंद झालं तर घोडंही नाही आणि गुडघाही नाही.

"असं बघा काका," रोहिणीनं समजावून सांगायला घेतलं. "विजयसिंह साहेबांना मोठा पुरस्कार मिळायचा आहे. हवा न बिघडवता धंदा करणाऱ्या उद्योजकांना देतात तो. शेवटच्या दोघांत आपले साहेब आहेत. निवड समिती उद्या दुपारी येणार आहे. त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, आवारातल्या जनावरांच्या पोटातून किती वायू निघतो त्याचा. मेंढी रवंथ करताना ढेकर देते ना, त्यातून मिथेन निघतो. त्यानं हवा तापते. धुरापेक्षा वाईट."

"धुरापक्षा?"

"हो."

"परळीचं धुराडं पाह्यलंस का कधी? त्याच्या शेजारी मपली मेंढी उभी कर. अन् मंग सांग मला, कोन जास्ती फुकायलंय."

"तसं नाही काका. आकडा लागतो."

"अन् आकडा जास्ती आला तर?"

रोहिणीनं टोपी काढून पुन्हा घातली. "तर साहेब मेंढ्या काढतील आणि बॅटरीवरचं यंत्र आणतील. दुसरे जे उद्योजक आहेत ना, त्यांच्याकडं ते आहे."

हरिबानं चेहरा हलू दिला नाही. "मंग लिव्ह," तो म्हणाला, "आमची मेंढरं ढेकर देत न्हाईत. आमी तसली सवयच लावली न्हाई."

बरोबर त्याच्या मागं त्याचा एडका उभा होता. एडक्याचं नाव नवरदेव, कारण दर चार पावलांवर थांबायचा आणि कुणी मिनतवारी केल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. नवरदेवानं मान लांब केली, डोळे अर्धे मिटले आणि गळ्यातून एक असा ढेकर काढला की कुंपणावरची साळुंकी उडाली.

फाटकावरच्या खुर्चीतून लखन ओरडला, "पैला धरा मॅडम!"

"तू गप बस बे," हरिबा म्हणाला. "तुला कुनी इच्यारलं?"

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून समिती येईस्तोवर करायची ठरली.

घरी आल्यावर हरिबानं सगळी हकीकत रतनबाईला सांगितली. ती भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

"ढेकर मोजायचे आसतील तर आदी तुमचे मोजा म्हनावं," ती म्हणाली. "कालच्या वांग्यानं रातभर कारखाना चालू व्हता."

"हसण्यावारी नको नेऊ रतने. फाटक बंद झालं तर काय खायाचं?"

तेव्हा रतनबाईचा हात थांबला. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि विचार केला. विचार असा, की मेंढराचं पोट फुगलं तर आपण काय करतो? ओवा, काळं मीठ, गूळ आणि करडईचं तेल कालवून बांबूच्या नळकांड्यानं पाजतो. घटकाभरात सगळा वारा तोंडावाटे बाहेर पडतो आणि जनावर मोकळं होतं. मग तेच सगळ्यांना आज संध्याकाळी पाजलं तर? आजच जेवढे ढेकर असतील तेवढे देऊन होतील. उद्या पोटात राहणारच नाही, तर बाहेर काय येणार?

हरिबाला बायकोचा एवढा अभिमान लग्नातही वाटला नव्हता.

गावातल्या दुकानात जाऊन त्यानं सगळा ओवा मागितला. दुकानदार म्हणाला, "का बरं? पोट दुखायलंय?"

"व्हय."

"कुनाचं?"

"पंच्याऐंशी जनाचं."

दुकानदारानं पुढं विचारलं नाही.

दिवस मावळायच्या आत नवरा-बायकोनं मिळून चार खंड्या आणि वर पाच तोंडं उघडली आणि मिटली. पहिल्या विसांचं होईस्तोवर काही नव्हतं. चाळीस झाली आणि मेंढरांच्या वाड्यातून आवाज सुरू झाले. साठ झाली आणि शेजारची बायडाबाई कुंपणापाशी येऊन विचारून गेली की कुणाच्या वरातीचा बँड आलाय काय. सगळी उरकली तेव्हा त्या वाड्यात असा काही घुमारा उठला होता की नवरदेव स्वतःच्याच आवाजाला दचकून दोनदा उठला. मग हळूहळू सगळं निवलं. मेंढरांची पोटं सपाट झाली. हरिबानं एकेकीच्या कुशीवर टिचकी मारून बघितली, एकही ढोलासारखी वाजली नाही. तो समाधानानं झोपला.

आता इथं एक गोष्ट राहून गेली होती. दोघांनाही ठाऊक असलेली, पण घाईत विसरलेली. ओव्यानं वारा जातो, तशी भूकही लागते.

सकाळी लखननं फाटक उघडलं तर त्याला बाजूला व्हायलाही सवड मिळाली नाही. एरवी लग्नाला आल्यासारखी रमतगमत येणारी मेंढरं त्या दिवशी पंगतीत घुसली. दोन दिवसांचं गवत त्यांनी तासाभरात साफ केलं. नवरदेव एका जागी न थांबता पहिल्यांदाच सलग चालला, आणि चालता चालता वाटेत रोहिणीची खुर्ची आली तर ती त्यानं शिंगानं बाजूला सारली. खुर्चीत रोहिणी होती.

"आरं मुडद्या!" ती धुळीतून ओरडली. "डोळे फुटले का तुझे? मानूस बसलंय दिसंना व्हय तुला?"

लखन थबकला. हरिबाही थबकला. त्यानं तिला हात देऊन उठवलं आणि हळूच विचारलं, "कोनचं गाव माय?"

रोहिणीनं कपडे झटकले. "केज," ती म्हणाली.

"मंग कालपसून आमच्यापशी पुन्याचं कावून बोलायलीस?"

"पगार तिथला हाय ना काका."

हे कारण हरिबाला पटलं. तिथून पुढं दोघांचं बरं जमलं. पण मोजणी ती मोजणी. तिनं पाच मेंढ्या निवडल्या. हरिबानं दात पडलेल्या पाच म्हाताऱ्या पुढं केल्या होत्या, त्या तिनं परत केल्या आणि तरण्याताठ्या घेतल्या. ओळखायला त्यांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढले. तीन तिनं स्वतःकडं ठेवल्या, मोबाईलवर बोट दाबून मोजायला. दोन लखनला दिल्या. लखनकडं कागद नव्हता, म्हणून तो बॉलपेननं हातावर रेघा ओढायला बसला.

साडेदहाला मेंढरं सावलीला बसली. पाट्यांच्या खाली गार सावली, पोट तट्ट, समोर काही काम नाही. रवंथ सुरू झाला. आणि मग सुरू झालं ते.

अकरा वाजता रोहिणीनं अंगठा बदलला. साडेअकराला लखनच्या रेघा मनगटावरून कोपरापर्यंत गेल्या आणि त्यानं बाही वर सारली. हरिबा या मेंढीकडून त्या मेंढीकडं हिंडत होता आणि गुपचूप विनवत होता, "बास की गं. बास आता. आगं घरी गेल्यावर दे." मेंढी त्याच्या डोळ्यांत बघून ढेकर द्यायची.

बाराला धुरळा उडवत गाडी आली. गाडी विजेवर चालणारी होती, त्यामुळं धुरळा होता, आवाज नव्हता. आतून उतरले विजयसिंह मालक, पांढरा शर्ट, काळा चष्मा. त्यांच्या मागून समितीचे दोघं, एक टकले गृहस्थ आणि एक लांब वेणीच्या बाई.

विजयसिंह म्हणजे सुंदररावांचा धाकटा. सुंदरराव या भागातले जुने जमीनदार. हरिबाच्या बापानं आणि मग हरिबानं त्यांच्या वावरात वर्षानुवर्षं मेंढरं बसवली होती. पोरगा मात्र शिकायला लहानपणीच बाहेर गेला, आणि परत आला तो भाषणं घेऊनच.

"ही केवळ वीजनिर्मिती नाही," पाट्यांच्या ओळीत उभं राहून त्यांनी सुरुवात केली. "हा निसर्ग आणि विज्ञान यांचा..."

गेरूचा पट्टा असलेली एक मेंढी बोलली.

"...यांचा संगम आहे. इथं धूर नाही, आवाज नाही..."

नवरदेव बोलला.

"दोनशे बेचाळीस!" लखन कोपऱ्यातून ओरडला.

"आरं तो आपल्यातला न्हाई," हरिबा दबक्या आवाजात म्हणाला. "त्याला पट्टा न्हाई. खोड."

"पेन हाय मामा, खोडंना."

विजयसिंहांनी काळा चष्मा काढला. "हा काय मोजतोय?"

रोहिणीनं सांगितलं. आकडाही सांगितला. एका मेंढीमागं किती, पाचांमागं किती, त्याला पंच्याऐंशीनं कसं गुणायचं. ओव्याचं तिला काही ठाऊक नव्हतं, त्यामुळं ती प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, मिनिटाला एकाचा अंदाज होता. पण ह्या मेंढ्या जरा जास्तच उत्साही आहेत."

विजयसिंहांनी हरिबाचा दंड धरून त्याला दोन ओळी पलीकडं नेलं. "हरिबा, मेंढ्या काढ. आत्ता. उद्यापासून आणू नको. माझा पुरस्कार या जनावरांच्या तोंडातून चाललाय."

हरिबाच्या डोळ्यांपुढून विकलेलं घोडं गेलं. गुडघा एकदम दुखायला लागला. रतनबाई पाठीवर बसलेली दिसली. आणि त्या धास्तीतच त्याच्या तोंडून जे निघालं ते मोठ्यानं निघालं. लांब वेणीच्या बाईंनाही ऐकू गेलं.

"मालक, काढतो. पर मला येक सांगा. तारंच्या बाहीर नेल्यावर ही काय तोंडाला कुलूप लावनार हायेत? आत देतेत ते ढेकर बाहीर देतेन. हवा तर तीच हाय न्हवं? का तुमच्या हवेला बी कुंपन घातलंय?"

उत्तर दिलं ते मेंढ्यांनी.

वेणीच्या बाई जवळ आल्या. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

"काय सांगायचंय बाई. मेंढरं मपली हायेत. ही कंपनी नव्हती तवा बी व्हती. तवा बी ढेकर द्यायची, फक्त ऐकायला कुनी येत नव्हतं. हितं आननं बंद केलं तर मेंढरं काय मरनार न्हाईत. तुमी वर यंत्र आननार. म्हंजी ढेकर बी ऱ्हायला अन् यंत्र बी आलं."

रोहिणीनं मोबाईलवर पटापट आकडे टाकले. केजची असली तरी गणितात पक्की होती. "बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली. "मेंढ्या ठेवल्या तर यंत्राला लागणारी वीज वाचतेय. ढेकर धरायचेच कशाला? ते तर आधीपासूनचे आहेत."

टकले गृहस्थ फॉर्म उलटसुलट करून बघत होते. ते म्हणाले, "पण रकाना भरावा लागेल. रिकामा चालत नाही. मेंढ्यांची मालकी कुणाची?"

"हरिबाची," विजयसिंह पटकन म्हणाले.

"मग ढेकर यांच्या नावे दाखवता येतील. तसं यांनी लिहून द्यायला हवं."

विजयसिंहांच्या तोंडावर तेज आलं. खरं तर इथं थांबायला हरकत नव्हती. पण जमीनदाराचं रक्त, त्याला निम्म्यात थांबवत नाही. "आणि लेंड्या?" ते म्हणाले. "सेंद्रिय खत. जमिनीचा कस वाढतो. त्याला काही गुण आहेत का?"

"आहेत ना. दहापैकी सात."

"मग लेंडी कंपनीची. ढेकर हरिबाचा."

हे ऐकून हरिबा मनात हिशेबाला लागला. कारण लेंडी म्हणजे चेष्टा नव्हती. रात्रीला मेंढरं कुणाच्या तरी वावरात बसवायची, वावराला खत मिळतं, त्याच्या बदल्यात धनगराला ज्वारी मिळते. हरिबाच्या घरातली वर्षाची भाकर त्या लेंडीतून येत होती. रात्रीची लेंडी तर कुठं जात नव्हती. पण दिवसाची, खास करून दुपारची, तीही आता फाटकाला लागून वावर असलेल्या सुभद्राबाईला हवी होती. तिनं पायलीभर ज्वारी जास्त कबूल केली होती.

आणि मग हरिबाला सुंदरराव आठवले.

मेंढरू चरताना थोडंफार टाकतं, पण खरी लेंडी पडते ती बसलेलं उठल्यावर. उठलं, अंग ताणलं, की मोकळं झालं. हे ज्याला ठाऊक तो शेतकरी. म्हणून सुंदरराव स्वतः तांबडं फुटायच्या वेळेला वावराच्या बांधावर येऊन उभे राहायचे. हरिबाच्या बापाला म्हणायचे, मेंढरं सावकाश उठव, घाई करू नको, सगळी माझ्याच वावरात मोकळी होऊ दे, मग ने. कारण लबाड धनगर काय करतो, बसलेल्या मेंढरांना एकदम हाकारतो आणि उठता उठता बांधापलीकडं पळवतो. मग खत पडतं शेजाऱ्याच्या वावरात. त्यासाठी म्हातारा बारा महिने पहाटे उठला. आणि त्याचा हा धाकटा? तो सुट्टीत गावी आला तरी नऊशिवाय अंथरूण सोडायचा नाही.

हरिबानं टोपी सारखी केली. "मालक, आत पडंल ती लेंडी कंपनीची न्हवं?"

"आत पडेल ती सगळी."

"अन् बाहीर पडंल ती?"

"बाहेरची तुझी. बाहेरचं मला काय करायचंय?"

"मंग लिव्हा," हरिबा म्हणाला. "ढेकर मपले. आतले बी, बाहीरचे बी. समदे. अन् चारायला पाच वर्सं फाटक उघडं. ते बी त्याच कागदावर लिव्हा."

विजयसिंह 'पाच' या आकड्यावर काही बोलणार होते, पण रोहिणीचं तेवढं लिहून झालं होतं. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं की सदर मेंढपाळ आपल्या कळपाच्या सर्व ढेकरांची संपूर्ण जबाबदारी राजीखुशीनं स्वीकारत असून आवारात पडणाऱ्या सर्व लेंड्यांवर कंपनीचा हक्क राहील, आणि कळपास पाच वर्षे चराईची मुभा राहील. हरिबानं सही केली. साक्षीदार म्हणून लखननं सही केली, रेघांनी भरलेल्या हातानं. नवरदेवानं शिक्का मारल्यासारखा एक ढेकर दिला आणि तोही हरिबाच्या नावे पडला.

संध्याकाळी रतनबाईनं कागद ऐकला आणि कपाळाला हात लावला. "आवं, लोकं जत्रंतून काहीबाही घेऊन येतेत. तुमी लेंडी देऊन ढेकर घेऊन आलाव?"

हरिबानं तिला सुंदररावांची पहाट आठवून दिली. तिला कळायला एक घोट पाणी प्यायचा वेळ लागला. मग ती अशी हसली की पाणी नाकातून आलं. "म्हातारा वर बसून पोराला शिव्या घालत आसंल," ती म्हणाली.

"वर कुठला? वाड्यात बसून घालतोय. जिता हाय आजून."

दीड महिन्यानं विजयसिंह मालकांना मुंबईत पुरस्कार मिळाला. लखननं फाटकावर मोबाईलमध्ये फोटो दाखवला. मालकांच्या हातात काचेचं पान, तोंडावर हसू, मागं मोठ्या पडद्यावर हरिबाची मेंढरं. हरिबाही होता, कडेला, काठी आणि अर्धा कान एवढाच.

"तुमाला कापलं की मामा," लखन म्हणाला.

हरिबानं फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "नवरदेव बरा आलाय," तो म्हणाला.

तेवढ्यात लखनचा तोच मोबाईल वाजला. पुण्याहून रोहिणी. लखननं तो हरिबाच्या कानाला लावला.

"काका, फोटो पाह्यला का? अन् ऐका, ती मोजणी पुन्यात कुनाच्या गळी उतरंना. समद्यांनी मिनटाला येकच धरायला लावला. तुमच्या नावावर वर्साचे किती ढेकर निघाले सांगू? चार कोटी सत्तेचाळीस लाख!" ती आता पुणं विसरून सरळ केजात बोलत होती.

"किती?"

"चार कोटी सत्तेचाळीस लाख!"

हरिबानं मोबाईल लखनकडं दिला आणि कंबर ताठ केली. "लखन, उमापुरात येवढं कुनाकडं हाय बे?"

"कुनाकडंच न्हाई मामा."

"मंग उठ. फाटक उघड. तीन वाजले."

फाटकाच्या आतल्या शेवटच्या ओळीत, अगदी खांबाला टेकून, मेंढरं रवंथ करत बसली होती. हल्ली ती रोज तिथंच बसायची. दुसरीकडं बसू लागली की हरिबा उठवून तिथं आणायचा. फाटकाच्या बाहेर सुभद्राबाई आपल्या वावरात कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"आन की आता!" ती ओरडली. "किती येळ बसवतो? आत सांडलं तर ज्वारी न्हाई, सांगून ठिवते!"

"आलो, आलो. कासराभर तर जागा हाय."

लखननं दोन्ही फळ्या उघडल्या. हरिबानं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ मारली, सोबत काठी लोखंडी खांबावर अशी आपटली की बसलेला कळप एकदम उभा राहिला आणि अंग ताणायच्या आत फाटकाकडं सुटला. चार खंड्या आणि वर पाच, पूर आल्यासारखी, सुभद्राबाईच्या वावरात. तिथं पोचली, थांबली, अंग ताणलं, आणि मोकळी झाली. सुभद्राबाई खूश होऊन वाकून बघायला लागली.

मागं राहिला होता तो नवरदेव. तो फाटकात येऊन थांबला, पुढचे दोन पाय बाहेर, मागचे दोन आत. मिनतवारीची वाट बघत तो तिथंच मोकळा झाला. पाच-सहा लेंड्या टपटप आत पडल्या.

हरिबानं त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला बाहेर ढकललं आणि लखनला म्हणाला, "ह्या कंपनीच्या. मोजून ठीव."

आणि काठी खांद्यावर आडवी टाकून तो कळपामागं पाण्याच्या वाटेला लागला.